बिल योग्य प्रिंटरवरच निघावं म्हणून

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नया बाजारात दिवाळीच्या दिवसांत घाऊक दुकानाचं काउंटर क्षणभरही मोकळं नसतं. एकाच कॉम्प्युटरला तीन-तीन प्रिंटर जोडलेले असतात: पावतीसाठी ८० मिलिमीटर रोलचा थर्मल, जीएसटी बिलासाठी ए४ लेझर आणि बारकोडसाठी लेबल प्रिंटर. बिलिंग सॉफ्टवेअरनं पावती लेबलच्या रोलवर पाठवली, की गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो आणि रोलही फुकट जातो. डेस्कटॉप सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. कागद ठरलेल्या प्रिंटरवरच गेला का, ही तपासणी आमच्या क्षेत्रात फार दुर्लक्षित आहे.

दर नव्या आवृत्तीला प्रिंटची खिडकी उघडून हातानं प्रिंटर निवडत बसणं माणसाला झेपत नाही, म्हणून हे काम आपण स्क्रिप्टवर सोपवतो. ऑटोइट किंवा पायथनमधलं पायविनऑटो ही त्यासाठीची नेहमीची साधनं. बहुतेक जण पहिली स्क्रिप्ट लिहितात ती अशी: खिडकी उघड, खालचा बाण दोनदा दाब, एंटर मार. ती लिहिणाऱ्याच्या मशीनवर बिनबोभाट चालते. दुकानातल्या यादीचा क्रम मात्र वेगळा असतो आणि तो बदलतही राहतो. यूएसबीची केबल दुसऱ्या खाचेत लावली, की विंडोज बऱ्याचदा त्याच प्रिंटरची दुसरी नोंद करतं आणि नावापुढे 'कॉपी १' जोडतं. रिमोट डेस्कटॉपवरून आलेल्या प्रिंटरच्या नावात सेशनचा आकडा असतो. पुढच्या वेळी तो वेगळा निघू शकतो. शिवाय विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबर अपडेटपासून एक सोय आली: शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. तीन प्रिंटरच्या काउंटरवर ही सोय घातक ठरते. चाचणीच्या मशीनवर ती आधी बंद करावी.

माझा पहिला आग्रह असा, की प्रिंटर नावानं शोधावा, क्रमानं नाही. स्क्रिप्टनं आधी विंडोजकडून प्रिंटरची यादी मागावी. हवं ते नाव यादीत नसेल, तर चाचणी तिथल्या तिथे नापास करावी; जवळपासचं नाव उचलू नये. खिडकीतलं बटणही त्यावरच्या मजकुरावरून ओळखू नये, कारण हिंदी विंडोजमध्ये तो मजकूर बदलतो. बटणाचा आयडी धरावा.

दुसरा आग्रह याहून महत्त्वाचा. प्रिंटर निवडला म्हणजे काम झालं, असं मानू नये. चाचणीआधी तिन्ही प्रिंटरच्या रांगा 'पॉझ' कराव्यात. मग सॉफ्टवेअरमधून पावती छापायला सांगावी आणि पॉवरशेलच्या 'गेट-प्रिंटजॉब' आज्ञेनं प्रत्येक रांग वाचावी. थर्मलच्या रांगेत एकच काम हवं, बाकी दोन्ही रिकाम्या हव्यात. ते काम पुसून टाकलं, की एक चिटोराही खर्च होत नाही. पावतीच्या आतलंही तपासायचं असेल, तर थर्मल प्रिंटरचं पोर्ट एखाद्या फाइलकडे वळवून त्याची रांग चालू करावी. मग प्रिंटरकडे जाणारे बाइट जसेच्या तसे हाती लागतात. त्यांत कागद कापण्याची आज्ञा आहे का, हेही पाहता येतं. ती नसेल तर पावत्या एकमेकींना जोडून बाहेर पडतात.

शेवटी मूळ डिफॉल्ट प्रिंटर परत लावणं आणि रांगा पुन्हा चालू करणं हीदेखील स्क्रिप्टचीच जबाबदारी. चाचणी मध्येच कोसळली तरी हे झालंच पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल खोटे ठरतात.

दुकानदारांना माझं एकच सांगणं आहे: प्रिंटरला कंपनीनं दिलेलं नाव तसंच ठेवू नका. 'पावती', 'जीएसटी बिल', 'लेबल' अशी कामाची नावं द्या. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मित्रांनो, प्रत्येक कागदाचा प्रिंटर त्या नावानिशी सेटिंगमध्ये जपून ठेवा. डिफॉल्टच्या भरवशावर कुणाचं काउंटर सोडू नका.