सासवडच्या तीन वह्या

हडपसर मागं पडलं, की एसटी दिवे घाट चढू लागते. खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वर पोचेपर्यंत वारा गार झालेला असतो. सासवडला आम्ही पाच वर्षं राहिलो. २०२२ साली यांची बदली झाली आणि गाव सुटलं. परवा एका लग्नाच्या निमित्तानं पुन्हा जाणं झालं. पिशवीत आहेराच्या साडीखाली माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तीन वह्या होत्या. बदलीच्या गडबडीत त्या माझ्याकडेच राहिल्या होत्या.

त्याचं असं झालं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. मी तेव्हा तिथं अर्धवेळ मराठी शिकवत असे. मोबाईलवरच्या व्याकरणात मुलांचं मन लागेना, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. शेवटी सातवीच्या वर्गाला सांगितलं, "रोज घरात जे दिसेल ते लिहा, नाहीतर त्याचं चित्र काढा. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही." मोबाईल नसलेली मुलं वह्या पिठाच्या गिरणीत ठेवत. दळण आणायला गेले, की मी त्या घेऊन यायची.

सुरुवातीला सगळ्यांनी थाळ्या आणि पणत्या काढल्या. मग हळूहळू घरं दिसू लागली. एकानं लिहिलं, 'बाबा घरी असतात म्हणून आधी मजा वाटली. आता ते रोज दुकानाची किल्ली पुसून परत खिळ्याला लावतात.'

जून आला. ज्ञानोबांच्या पालखीचा सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. त्या दिवसांत तिथल्या बाईला पाठ टेकायला सवड नसते. त्या वर्षी पायी वारीच नव्हती. पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. पायी वारी पुन्हा निघाली ती २०२२ साली. एका मुलानं फुलांनी सजवलेली एसटी काढून खाली लिहिलं, 'माऊलींना तिकीट नाही.' पुढच्या पानावर त्याची आजी होती. तिनं नेहमीसारखा वारकऱ्यांसाठी पाण्याचा हंडा दारात भरून ठेवला. कुणी आलं नाही, तेव्हा संध्याकाळी ते पाणी तुळशीला घातलं.

पण मला अस्वस्थ केलं ते एका मुलीच्या वहीनं. पानोपानी आई. ओट्याशी, मोरीत, केर काढताना, आणि सगळीकडे पाठमोरी! गिरणीत भेटली तेव्हा विचारलं, "आईचं तोंड का गं काढलं नाहीस?"

"बाई, ती इकडं वळतच नाही."

त्या रात्री भाकरी थापताना ध्यानात आलं, माझा मुलगा केव्हाचा मागं उभा राहून काहीतरी विचारतोय.

त्याच वहीच्या शेवटच्या चित्रात घरातला एकुलता मोबाईल दहावीतल्या भावाच्या हातात होता आणि ही दाराशी उभी. मी वही तिच्या आईला दाखवली. ती कितीतरी वेळ पानं उलटत राहिली. "मी अशी दिसते होय?" एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यापासून दुपारी तासभर मोबाईल मुलीला मिळू लागला.

परवा सोपानदेवांचं दर्शन घेऊन तिघांच्या घरी गेले. किल्लीवाल्याचं दुकान पुन्हा चालू आहे. तो स्वतःच गल्ल्यावर होता. एसटीवाल्याची आजी आता नाही. त्यानं हंड्याचं पान उघडलं आणि काही न बोलता त्यावरून हात फिरवला. मुलगी कॉलेजात जाते. तिची आई सवयीनं चहा टाकायला उठली, तर ती म्हणाली, "तू बस गं, मी करते." आई माझ्यासमोर बसली, आणि आम्ही दोघींनी पोटभर गप्पा मारल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर मुलांच्या त्या दिवसांतल्या वह्या असतील. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळून पाहा. त्यात कुठंतरी तुम्हीही असाल. कशा दिसता, ते तरी कळेल!