अबोल्याची मुदत

आमच्या घरात भांडणाचा आवाज कधी चढला नाही. अबोला मात्र घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा वावरायचा. गावच्या वाड्यात आजी आजोबांवर रागावली की स्वयंपाकघरातून भिंतीला ऐकवायची, "कुणाला जेवायचं असेल तर पानं वाढलीत." आजोबा माजघरातून मला म्हणायचे, "तिला सांग, भूक नाही." दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, तरी निरोप माझ्याच तोंडून जावा लागे. गौरी-गणपतीला पाहुणे आले की अबोला सुटायचा. म्हणजे कामापुरतं बोलणं सुरू व्हायचं. ज्यावरून तो धरला होता, ती गोष्ट जिथल्या तिथेच राहायची.

त्या घरात दुसरं काही शक्य तरी होतं का, असं आता वाटतं. वाड्यात इतकी माणसं; नवऱ्याबायकोने दिवसाढवळ्या चारचौघांत एकमेकांशी बोलणंही बरं दिसत नसे. रात्री कुजबुजावं तर पडद्यापलीकडे सासूबाईंचा डोळा लागलेला नसायचा. भांडायला जागाच नव्हती. घरातल्या निर्णयात आजीला मत नव्हतं; न बोलणं तेवढं तिच्या हातात होतं.

पुढे कॉलेजात असताना रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचलं आणि अबोल्याची दुसरी बाजू दिसली. पुस्तक १९१० मधलं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाई अकराएक वर्षांच्या होत्या आणि त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे एकतीस वर्षांचे. रानड्यांनी बायकोला हौसेने शिकवलं, सभेत बोलायला उभं केलं, आणि घरातल्या बायका त्यावरून तिला टाकून बोलत. या ओढाताणीत रमाबाई एकदा पतीच्या मनाविरुद्ध वागल्या. रानडे रागावून बोलले नाहीत. ते बोललेच नाहीत. रमाबाईंची रात्र तळमळण्यात गेली आणि शेवटी त्यांनीच चूक कबूल केली. इतक्या उदार, विचारी माणसाचं मौनसुद्धा बायकोला केवढं जड झालं! आजीचा अबोला ही तिची उरलेली एकमेव ताकद होती. ज्याच्या हातात आधीच सगळं आहे, तो गप्प बसला की ती शिक्षा होते.

आईबाबांचा संसार डोंबिवलीच्या दोन खोल्यांत झाला. तिथे पडदा नव्हता, सासू नव्हती, तरी अबोला गावाहून सामानाबरोबर आलाच. त्यांचे निरोप कालनिर्णयच्या चौकोनांत पडायचे. दुधाच्या खाड्यांशेजारी आईचं अक्षर: "गॅस संपत आलाय." खाली बाबांचं: "नोंदवला." घर चालायचं, पण मनात काय आहे ते लिहायला त्या चौकोनात जागा नव्हती.

माझं लग्न झालं ते कोल्हापूरच्या घरात. इथे जेवताना वाद, चहाला वाद, आणि तासाभरात सगळं विसरून पत्त्यांचा डाव. माझ्या नवऱ्याला मी गप्प बसले की घाबरायला व्हायचं. त्याचा आवाज चढला की माझे शब्द घशातच अडकायचे. तो म्हणे, "जे काय असेल ते आत्ता बोल." मला आत्ता बोलताच येत नसे. वाईट दोघांपैकी कुणीच नव्हतं; आपापल्या घरी जे पाहिलं ते घेऊन आम्ही आलो होतो.

कसोटी लागली ती बँकेत मला बढती मिळाली तेव्हा. बदली नांदेडला. त्या आठवड्यात आम्ही ओल्या टॉवेलवरून भांडलो, विजेच्या बिलावरून भांडलो, मुलीच्या वह्यांवरून भांडलो. नांदेडचं नाव कुणी काढेना. एका रात्री तो म्हणाला, "तुला गप्प बसायचंय ना, बस. पण पुन्हा कधी बोलणार तेवढं सांग." मी म्हणाले, "उद्या. ती झोपली की." दुसऱ्या रात्री आम्ही गच्चीवर गेलो. मी आधी बोलायचं, तो मधे बोलणार नाही. मग त्याने बोलायचं. त्याला माझ्या नोकरीचा राग नव्हता. मुलीला एकट्याने सांभाळणं जमेल का, ही धास्ती होती. मला त्याची परवानगी नको होती. "जा, मी आहे" एवढं ऐकायचं होतं. हे दोन्ही टॉवेलच्या भांडणात कसं कळणार?

तेव्हापासून आमच्या घरी अबोल्याला मुदत असते. गप्प बसायची मुभा दोघांनाही आहे, पण परत कधी बोलायचं ते सांगून, आणि ती वेळ पाळून. मुलीच्या हाती निरोप द्यायचा नाही, हा दुसरा नियम मी हट्टाने घातला.

या मुदतीला आधार देणारं काही पुढे वाचनात आलं. अमेरिकेत जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं चित्रित करून तपासली. भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. निदान वीस मिनिटं बाजूला व्हावं, असं ते सांगतात. भिंतीसारखं गप्प होणं संसाराला घातक, हेही त्यांचंच म्हणणं. तेच सांगतात की जोडप्यांमधले ६९ टक्के मतभेद कधीच पुरते मिटत नाहीत. हे वाचून मला धीर आला. धाकट्या दिराला पैसे किती द्यायचे, हा आमचा वाद आजही आहे. आता तो वाद आहे, वैर नाही.

मिटलेला नसतानाही बोलता येतो अशा वादाचं मोठं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. मनाला पटल्यावरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्माएवढा मतभेद घरात होता, पण त्या ‘पटत नाही’ म्हणू शकत होत्या आणि टिळकांना ते ऐकावं लागत होतं.

ऐकून घेणारा माणूस समोर हवा, हे मात्र खरं. जिथे तोंड उघडलं की अपमान होतो, हात उगारला जातो, तिथे बाईला ‘मोकळेपणाने बोल’ म्हणणं क्रूर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच मानला आहे. तिथे आधी संरक्षण, मग संवाद. बाकी संसारांत दोघांनी रोज एकमेकांना सगळं सांगितलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. पण आपल्या गप्प बसण्याचा शेवट कधी आहे, हे समोरच्याला ठाऊक असणं हा त्याचा हक्क आहे. तेवढा दिला की भांडणातही माणूस एकटा पडत नाही.