मधले बारा तास

सकाळी दहाला सह्या झाल्या आणि तोफा थांबल्या रात्री दहाला. कोरियाच्या युद्धाबद्दल वाचताना हे मधले बारा तास घशात अडकले ते अडकलेच. २७ जुलै १९५३, पानमुनजोम. दोन बाजूंचे दोन सेनानी आले, कागदांवर सह्या केल्या आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता निघून गेले. त्यानंतरही गोळे पडत राहिले. त्या दुपारी मेलेल्या पोराच्या आईला काय सांगितलं असेल?

शांतता म्हटलं की आपल्याकडे लगेच बुद्धाचं डोकं येतं, हॉटेलातल्या कारंज्यापाशी ठेवलेलं. मला त्या डोक्याचा भारी कंटाळा आहे. बुद्धाचा नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय हातघाईवर आले, तेव्हा हा माणूस दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, असं जुन्या कथा सांगतात. त्याचा तसा पुतळा कुणी करत नाही.

मध्ये उभं राहणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते कोल्हापूरच्या मेजर जनरल एस. पी. पी. थोरातांना विचारायला हवं होतं. कोरियातल्या युद्धबंदीचं घोडं अडलं होतं ते कैद्यांवरून. साडेबावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. उलट बाजूने, चीन-उत्तर कोरियाच्या ताब्यातले, असेच ३५९. त्यांना सांभाळायचं कुणी? भारताने. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि पहाऱ्यावरच्या फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीवर पडू देणार नाही असं बजावलं, म्हणून आपले जवान इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथे कैदीच त्यांना दगड मारत, शिव्या घालत. आणि ज्याला मनातून घरी जावंसं वाटे, त्याला छावणीतलेच साथीदार मारत. काहींचा जीवही घेतला. एकदा चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून ठेवलं. बाहेर बंदुका तयार होत्या. थोरात निःशस्त्र आत गेले. चिडलेल्या शेकडो माणसांच्या घोळक्यात बोलत राहिले, आणि मेजरला घेऊन बाहेर आले. त्या क्षणी त्यांचं मन शांत वगैरे असेल असं मला वाटत नाही. छाती धडधडत असणार. पण गोळी सुटली नाही.

याच थोरातांनी पुढे १९६० मध्ये, पूर्व विभागाचे प्रमुख असताना, चीन हल्ला करील असा इशारा दिला होता. तो कुणी मनावर घेतला नाही. भांडण थोपवणाऱ्याला भांडणाचा वासही आधी येत असावा.

पानमुनजोमच्या त्या सह्यांनी कोरियात चार किलोमीटर रुंदीचा एक पट्टा आखून दिला. भाऊबंदकीतल्या बांधासारखा: कोर्टकचेरी संपलेली नाही, बोलणं नाही, पण कुऱ्हाडही निघत नाही. पट्ट्यात सुरुंग पेरलेले, त्यामुळे माणूस सहसा जात नाही. हिवाळ्यात पट्ट्यालगतच्या चोरवॉनच्या बाजूला लाल टोपीचे क्रौंच उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत सांडलेले दाणे टिपतात. हे वाचून लोक हळवे होतात. मी होत नाही. पक्ष्यांना तह आणि युद्धबंदी सारखीच.

थोरातांच्या ताब्यातले ८८ कैदी शेवटपर्यंत ना इकडे जायला तयार झाले ना तिकडे. १९५४ साली भारतीय फौजेबरोबर तेही बोटीने मद्रासला आले. पुढे बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

कोरियात तह अजून झालेला नाही. सत्तर वर्षं उलटली, आहे ती नुसती युद्धबंदी. मला ती पुरेशी वाटते.