परंपरा विकली कुणी?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला शनिवारचा जल्लोष, बँड, जुनी वैरं मलाही प्रिय आहेत. पण ‘खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि परंपरा बुडाली’ हे चाहत्यांचं रडगाणं मला पटत नाही. स्वतःच्या नावावर कमावायची मुभा पोरांना मिळाली २०२१मध्ये. प्रशिक्षक त्याआधीच कोट्यधीश होते. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१०पासून दरवर्षी भिडायचे. ओक्लाहोमाने बड्या कमाईसाठी लीग बदलली आणि २०२३नंतर तो सामनाच थांबला. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड २०२४पासून चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ लीगमध्ये खेळतं! हे सौदे विद्यापीठांनी केले. गुडघा पणाला लावणाऱ्या पोरानं मात्र शिष्यवृत्तीवरच समाधान मानायचं? असली परंपरा बुडालेलीच बरी.