दोनदा हरेल तोच बाद

बडोद्यात आमच्या मंडळाची गणपतीतली कॅरम स्पर्धा बरीच वर्षं माझ्याकडे होती. बाद पद्धतीचा हिशोब सोपा. दर सामन्याला एक जण बाहेर, म्हणजे ३२ नावं आली की ३१ सामने. पण पहिल्याच फेरीत १६ जण घरी! आणि हरून गेलेलं पोर पुन्हा मांडवात फिरकत नसे. शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. घराबाहेर मराठी कानावर पडायची ती या मांडवातच.

म्हणून नियम केला, दोनदा हरेल तोच बाद. सामने झाले ६२, कधी ६३. चार कॅरम, २५ गुण किंवा ८ बोर्ड, आरतीनंतर रोज नऊ-दहा सामने. "काका, एवढं जागरण करायचं कोणी?" कार्यकर्ते कुरकुरले, पण राबलेही तेच.

एका वर्षी पहिल्या रात्री हरलेली सातवीतली मुलगी पुढे ओळीने सहा सामने जिंकली. सातव्यात राणी घेतली आणि कव्हर हुकलं. अख्खा मांडव हळहळला. बक्षीस हुकलं, पण विसर्जनापर्यंत रोज ती मांडवात होती. आज मंडळाचं वर्गणीचं वहीखातं तीच लिहिते, मराठीत.