हाताआडचा दिवा

टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं परवा माझ्या अॅनिमेशनच्या सीनमधले सगळे दिवे बंद केले, एकच ठेवला आणि रेंडर लावला. शॉट साधाच. आजी निरांजन घेऊन ओसरीवर येते, वाऱ्यासाठी दुसऱ्या हाताचा आडोसा. "सर, ज्योत एक आहे ना? मग लाइटही एकच."

या आडोशानं मला आयुष्यभर छळलंय. ज्योत तळव्यापासून २ सेंटिमीटरवर, चेहऱ्यापासून ४० वर. उजेड अंतराच्या वर्गानं घटतो, म्हणजे तळव्यावर ४०० पट. चेहरा दिसेल इतकं एक्स्पोजर उघडलं की तळवा पांढराफटक. तळवा सावरला की चेहरा अंधारात. म्हणून मी लाइट लिंकिंगनं एक दिवा हातापुरता, एक चेहऱ्यापुरता, एक लुगड्याच्या काठापुरता लावत आलो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं एस. एल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र बघा. जलरंगात त्यांनी हात आणि चेहरा दोन्ही राखलेत. त्या बोटांमधली तांबूस धग मला हवी असते. कातडीत लाल उजेड सर्वांत लांब शिरतो, म्हणून ती धग येते. संगणकात हे शिरण्याचं माप जरा चुकलं की तोच हात मेणाचा दिसतो.

हल्ली कोणी इतकं बघत नाही. तयार डोम लाइट लावायचा, मागून रिम मारायची, उरलेले दाणे डीनॉइझरनं पुसायचे. सगळ्या मालिकांमधली संध्याकाळ सारखीच नारिंगी. माझा शॉट मात्र नाव न वाचता ओळखतात, आणि मला ते फार आवडतं.

टीममधल्या त्या मुलीनं मात्र त्या एका दिव्यात भर घातलीच नाही. अॅनिमेटरला सांगून आजीचा हात ८ सेंटिमीटरवर नेला. ४०० चे २५ झाले, एक्स्पोजरमधला साडेआठ स्टॉपचा फरक पाचाच्या आत आला. चेहरा सुंदर उजळला, भिंतीवरची सावलीही खरी पडली. माझ्या तीन दिव्यांत ती कधीच अशी पडली नसती. पण बोटांची धग गेली. शिवाय वाऱ्यात दिवा नेणारी बाई हात इतका लांब धरत नाही, ज्योतीला चिकटवूनच धरते.

बोटांच्या कडेला मी एक छोटा दिवा परत लावलाय, फक्त हाताला लिंक केलेला. तिला तो नको आहे. मी काढलेला नाही.