विकिपीडियावर लिहा, आडनाव घरी ठेवा

हल्ली काही महाविद्यालयांत नव्या तऱ्हेचा गृहपाठ निघाला आहे. वहीत निबंध लिहिण्याऐवजी विद्यार्थ्यांनी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात लेख लिहायचा, नाहीतर असलेल्या लेखात भर घालायची आणि त्याचे गुण मिळवायचे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. तिथे लिहायला कुणाची शिफारस लागत नाही, म्हणून आम्हाला हा गृहपाठ मनापासून आवडतो. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहायचा आणि आपण त्यातल्या चुका मोजत बसायचे, हे फार दिवस चालले.

आमच्या धाकट्या भावाची मुलगी बी.ए.ला आहे. तिलाही हे काम मिळाले. सरांनी फळ्यावर सूचना लिहिली होती : खाते हजेरीपटावरच्या पूर्ण नावाने उघडा, सदस्य पानावर महाविद्यालय, वर्ग व हजेरी क्रमांक टाका. गुण देताना कुणाचे काम ते कळावे, एवढाच सरांचा हेतू. पण पोरीने आम्हाला विचारले, "काका, हे सगळ्यांना दिसणार ना?"

दिसते. आणि दिसतच राहते. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. कोणत्या नावाने, कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी कोणते वाक्य घातले, हे जगातला कुणीही उघडून पाहू शकतो. आपली मुलगी रात्री एक वाजता जागी होती, हेही त्यावरून कळते. खाते एकदा उघडले की ते पुसून टाकता येत नाही. फार तर नाव बदलून मागता येते. खाते न उघडता लिहिले तर अनेक वर्षे इंटरनेट जोडणीचा क्रमांकच जाहीर दिसत असे. अलीकडे त्याऐवजी तात्पुरते खाते देण्याची पद्धत सुरू झाली आहे.

यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. ज्याला आडनावावरून कधी खोली नाकारली गेली नाही, त्याने म्हणावे. पुतणीच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितले तसे सारे टाकले आणि आरक्षणाच्या लेखात दोन साधी वाक्ये घातली. आठवडाभरात त्याच्या चर्चा पानावर कुणीतरी जातीवरून घाण लिहून गेले, वर महाविद्यालयाचे नाव घेऊन "येतोच भेटायला" असेही. मजकूर काढला गेला, पण नुसता काढलेला मजकूर इतिहासात तसाच राहतो; तो झाकायला प्रचालकाला सांगावे लागते. पोरगा चार दिवस वर्गात गेला नाही.

खरे म्हणजे विकिपीडिया खरे नाव मागतच नाही. टोपणनाव चालते. खाते उघडायला ईमेलचीही सक्ती नाही, मात्र परवलीचा शब्द विसरला तर तो उपयोगी पडतो; दिला तरी तो इतरांना दिसत नाही. सरांनी कोणते टोपणनाव कुणाचे याची यादी आपल्या वहीत ठेवावी, काम झाले. पुतणीने सरांना हे सांगितले, तेव्हा ते लगेच कबूल झाले. नसते झाले तर आम्ही जाऊन सांगणार होतो की, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. घटनेचे कलम २१ आपल्या माणसांना शिकवायला नको.

आता लिहिण्याविषयी. नवशिक्याने सराव करावा म्हणून मराठी विकिपीडियावर एक जागा आहे, तिचे नाव धूळपाटी. (ज्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, तिच्या आठवणीने हा शब्द आम्हाला थोडा टोचतो, पण जागा चांगली आहे.) आधी तिथे गिरवावे. पुस्तकातून जसेच्या तसे उतरवू नये. २०११ साली पुण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा मोठा उपक्रम झाला होता. त्यात उतरवलेला मजकूर इतका आला की त्याच वर्षी तो थांबवावा लागला.

पुतणीने धम्मदीक्षेच्या लेखात एक वाक्य घातले. तिची आजी, म्हणजे आमची आई, १४ ऑक्टोबर १९५६ ला बारा वर्षांची होती. पांढरे लुगडे नेसून ती नागपूरला गेली होती. दुसऱ्याच दिवशी ते वाक्य गायब. पोर संतापली, "बघा, यांना आपले चालत नाही." आम्ही तिला इतिहास उघडायला लावला. काढणाऱ्याने कारण लिहिले होते : संदर्भ नाही. काही जण द्वेषानेही काढतात, ते आम्ही नाकारत नाही. पण इथे त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. ज्ञानकोशात ऐकीव आठवण चालत नाही, प्रकाशित आधार लागतो.

यात आपले नुकसान आहे. आपल्या आयाबायांनी जे केले त्याची नोंद कुठल्या दप्तरात? म्हणूनच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघरी गेल्या, चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघाले. छापले गेले म्हणून आज त्याचा पान क्रमांक देता येतो. पुतणीने ग्रंथालयातून ते आणले आणि चळवळीतल्या स्त्रियांवर चार वाक्ये लिहिली, प्रत्येकाला संदर्भ. ती टिकली आहेत.

आजीचे वाक्य मात्र राहून गेले. आता रोज संध्याकाळी ती आजीजवळ वही घेऊन बसते. गाडीत कोण कोण होते, भाकरी कुणी बांधून दिली, लुगडे कुठून आणले, सारे विचारते. आजीची एकच अट आहे : शेजारणीचे नाव घालायचे तर आधी तिच्या लेकीला विचार.